सुरयाचं पारणं

"वैजू, आधी पाखराचा घास, मग आपला. आणि नुसता ठेवून खाली यायचं नाही हं. ते खातंय की नाही, ते बघायचं. दारी आलेलं उपाशी राहिलं, तर आपल्या घशाखाली घास उतरेल कसा?"

आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण रोज सकाळी गच्चीचा जिना चढताना वैजयंतीला हा आवाज ऐकू यायचाच. एका हातात तूपभाताची वाटी, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं. तुळशीला पाणी घातलं, देवापुढे दिवा लावला, की गच्ची. कठड्यावर घास ठेवायचा आणि टाकीच्या सावलीत उभं राहायचं. कावळा यायचा, कधी साळुंकी, कधी नुसत्या चिमण्या. कुणीतरी चोच लावली की मगच खाली येऊन चहा. हा नेम तिने कधी मोडला नव्हता. तापात नाही, लग्नसराईत पंचवटीच्या दुकानातून देवांच्या पोशाखांच्या मागणीची झुंबड उडायची तेव्हाही नाही. ती देवांचे पोशाख शिवायची — बाळकृष्णाचे अंगरखे, देवीच्या चोळ्या, रामाचे शेले. बोटभर गोपाळाला जरीचा काठ लावायचा म्हणजे घाई चालत नाही. तिची सगळी वागणूकच त्या टाक्यांसारखी होती, बारीक आणि सावकाश.

त्या वर्षी दसऱ्याच्या रात्री मात्र सगळंच उसवलं. समुद्रात उठलेलं वादळ किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचं शेपूट घाट चढून थेट नाशिकपर्यंत आलं. गंगापूर गावाच्या अलीकडे, जिथे वैजयंती आणि तिचे वडील राहायचे, तिथल्या घरांच्या सगळ्या ओळीचे पत्रे रात्रभर खडखडत होते. सकाळी उजाडलं तेव्हा अंगणातला शेवगा आडवा झाला होता आणि सोनं म्हणून वाटलेली आपट्याची पानं ओल्या फरशीला चिकटून बसली होती.

त्या दिवशी एकादशी. भात नाही. तिने भगरीचा घास केला आणि वर गेली. एकही कावळा नव्हता. चिमण्यासुद्धा नाहीत. आणि टाकीच्या आडोशाला... कुणीतरी बसलं होतं.

असलं पाखरू तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पाठ काळीभोर, मऊ मखमलीसारखी. पोट पांढरंशुभ्र. लांब पंख मिटून एकमेकांवर असे ठेवलेले, की जणू कुणी छत्री नीट घडी करून कोपऱ्यात उभी केली. आणि काळ्या डोक्यावर, बरोबर कपाळाच्या जागी, पांढरा डाग.

तिने आप्पांना हाक मारली. आप्पा माळकरी, गावच्या देवळात वीणा धरणारे. गुडघे सांभाळत वर आले आणि पाखराकडे बघत राहिले.

"गंध लावून आलंय की गं!" ते म्हणाले. "वैष्णव दिसतोय."

वैजयंतीने भगरीचा घास पुढे सरकवला. पाखराने मान फिरवली. शेंगदाणे ठेवले. केळ्याचा तुकडा ठेवला. त्याने डोळे मिटून घेतले.

"राहू दे," आप्पा हळूच म्हणाले. "एकादशी आहे. त्यालाही उपास असेल."

आणि गंमत सांगायची तर — वैजयंतीला ते पटलं. कपाळी गंध, दिवस एकादशीचा, आणि समोर ठेवलेल्याला तोंड लावत नाही... दुसरं काय असणार? तिने त्याच्या अंगावर जुन्या पोत्याचा आडोसा केला आणि स्वतःही नुसत्या पाण्यावर राहिली. दोघं मिळून उद्या सोडू, ती त्याला म्हणाली. द्वादशीला पारणं असतं, ठाऊक आहे ना?

द्वादशीला तिने पहाटेच स्वयंपाक केला. वरणभात, तूप, भोपळ्याची भाजी, खीर. केळीच्या पानावर छोटासा नैवेद्य वाढून वर नेला. पाखरू होतं तिथेच होतं, फक्त मान जरा जास्त खाली आली होती. त्याने खिरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. आणि पुन्हा डोळे मिटले.

"वैजू, तू तरी दोन घास खा," खालून आप्पा म्हणाले. "द्वादशी टळून चालली."

"त्याचं झालं की खाते, आप्पा."

दुपार कलली. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते. कठड्याला टेकून ती उभी होती, तेवढ्यात तिला खाली रस्त्यावर एक माणूस दिसला. पंक्चर झालेली मोटरसायकल बाजूला लावून, डोळ्यांना दुर्बीण लावून, तो सरळ तिच्याकडेच बघत होता.

तिने पदर सावरला आणि कठड्यावरून वाकली. मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती, पण भुकेने माणूस धीट होतो.

"काय बघताय हो?"

"तुमच्या गच्चीवर..." तो दुर्बीण न काढताच म्हणाला. "देवा रे! हलू नका. अजिबात हलू नका."

"माझ्या गच्चीवर माझी ओढणी वाळत्येय. घरात वडील आहेत. बोलवू?"

तेव्हा कुठे दुर्बीण खाली आली. दुर्बिणीमागचा चेहरा लालबुंद झाला होता. "नाही — म्हणजे — तुम्हाला नाही बघत होतो! तुमच्या मागं टाकीपाशी ते बसलंय ना, त्याला..."

"मला नव्हता बघत?"

"नाही!"

"मग ठीक आहे," ती म्हणाली. आणि का कोण जाणे, थोडीशी हिरमुसली.

त्याचं नाव मल्हारी. नाशिकच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. वादळानंतर गंगापूर धरणावर समुद्रातले पक्षी दिसताहेत म्हणून पुण्या-मुंबईहून माणसं लांबलचक कॅमेरे घेऊन आली होती. कुणालातरी ढगात एक मोठ्या पंखांचा फ्रिगेट पक्षी दिसला होता, आणि त्याच्यासाठी हाही दोन दिवस मान वर करून चिखलात उभा होता.

"दिसला का?" आप्पांनी त्याला पाय धुवायला पाणी देत विचारलं.

"नाही हो. मान तेवढी आखडली. आणि इथं चाक बसलं, वैतागून वर बघितलं, तर हा!" जिना चढताना त्याचा आवाज कुजबुजीवर आला होता. "हा सुरय आहे. समुद्रातला. खोल समुद्रातला. एकदा आकाशात गेला, की वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही म्हणतात."

"आमच्या गच्चीला लावला ना," वैजयंती म्हणाली.

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. आता दुर्बीण नव्हती. "हो... तुमच्या गच्चीला लावला."

मग त्याचं लक्ष केळीच्या पानाकडे गेलं. वरणभात, खीर, बाजूला कालची भगर, शेंगदाणे, केळं, वाटीत दही. तो एकेक पदार्थ बघत गेला. हसू आवरायला त्याने ओठ गच्च मिटले, पण खांदे हलायला लागलेच.

"हसायला काय झालं?"

"काही नाही... पंगत छान वाढलीय."

"काल त्याची एकादशी होती," ती गंभीरपणे म्हणाली. "आज पारणं आहे. पण सोडतच नाहीये. तो खात नाही म्हणून मलाही..." ती थांबली.

त्याचं हसू एकदम विरलं. "तुम्ही कालपासून जेवला नाहीत?"

"माझं राहू द्या. त्याला काय हवंय ते सांगा."

मल्हारीने तिच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली. मग आप्पांच्या गळ्यातली. मान खाजवली. "कसं सांगू... हा वैष्णव मासे खातो, ताई."

भर आरतीत कुणी दिवा विझवावा तसं तिला झालं. मासे! या घराच्या उंबऱ्याआत कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. तिने आप्पांकडे पाहिलं. आप्पा पाखराकडे बघत होते. त्याची मान आता पंखात लोंबली होती.

"उद्यापर्यंत टिकेल?" आप्पांनी विचारलं.

"अवघड आहे."

"मग आणा, मास्तर. त्याच्या गळ्यात माळ आपण थोडीच घातली होती?"

शेजारच्याची स्कूटर घेऊन तो गेला, आणि परत आला तेव्हा हातात स्टीलचा डबा होता. डब्यात बोटाएवढे मासे, पाण्यात चमकत होते. "आमच्याच जाळ्यातले," तो म्हणाला. "बाबा धरणावर मासे धरतात. आम्ही भोई." हे त्याने जरा सावकाश सांगितलं. आताच ऐकून ठेवा, नंतर म्हणू नका, असं काहीतरी त्या सांगण्यात होतं.

त्याने एक मासा चिमटीत धरला आणि वाकला. तेवढ्यात वैजयंती म्हणाली, "थांबा."

"काय झालं?"

"घास माझा हवा. माझ्या दारी आलाय तो." ती बोटं एकमेकांत गुंतवत होती. "पण मी मासा धरू शकत नाही. तर... तुम्ही धरा. मी तुमच्या हाताला हात लावते. पूजेत लावतात ना, तसा. म्हणजे घास दोघांचा होतो."

आणि त्याला काही कळायच्या आत तिने उजव्या हाताची बोटं त्याच्या मनगटावर टेकवली. हलकीच, अक्षता ठेवाव्यात तशी.

मासा पुढे झाला. पाखराने डोळा उघडला. चोच किंचित वळली... आणि गट्ट!

"खाल्ला!" ती ओरडली. आयुष्यात ती एवढ्या मोठ्याने ओरडली नसेल. "आप्पा, खाल्ला!"

दुसरा मासा. तिसरा. प्रत्येक वेळी तिची बोटं त्याच्या मनगटावर, आणि प्रत्येक वेळी त्याचा हात जरा जास्तच सावकाश पुढे जायचा. मग आप्पा खोकले. उगाचच खोकले. आणि वैजयंतीच्या लक्षात आलं, की पूजेला बसल्यावर हाताला हात कोण लावतं.

तिने बोटं अशी मागे घेतली, जणू चटका बसला. मल्हारी डब्यात बघू लागला. डब्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मी... जेवायला वाढते," ती पुटपुटली आणि जिना उतरली. त्या दिवशीच्या वरणभाताची चव तिला आजही आठवते. मीठ घालायचं ती विसरली होती. आणि मल्हारीने दोनदा भात मागून घेतला होता.

मग तो त्याच संध्याकाळी पुन्हा आला, आणि त्रयोदशीला तर दिवसातून तीनदा. वनखात्यात त्याने कळवून ठेवलं होतं. पाखरात जोर आला की ते समुद्रावर नेऊन सोडायचं, असं ठरलं होतं. तोवर ते गच्चीतच बरं. मोटरसायकलचा आवाज आला की आप्पा म्हणायचे, "वैजू, वैष्णवाचा नैवेद्य आला बघ." तो दारात स्वतः होऊन पाय धुवायचा.

"मास्तर, नुसते पाय कशाला धुता? अंघोळच करून येत जा," तिने एकदा त्याला चिडवलं.

"करूनच येतो. दोनदा. दुसऱ्यांदा वासाचा साबण लावून." त्याने मनगट पुढे केलं. "बघा हवं तर."

"मला काय करायचंय तुमचं मनगट?"

"मला वाटलं, तुम्हाला त्याचीच ओळख जास्त आहे."

ती अशी लाजली, की हातातलं पाण्याचं भांडं कलंडलं आणि पाणी त्याच्याच पायांवर सांडलं. "झाली बघा तिसरी अंघोळ," तो म्हणाला.

वादळानंतरची हवा धुतल्यासारखी झाली होती. उन्हाला शरदाचा पिवळा रंग, वाऱ्यात पडलेल्या शेवग्याचा ओला वास. लांब रामशेजचा डोंगर बोट लावता येईल इतका स्वच्छ दिसायचा. सुरय आता पंख पसरून बघायचा, कात्रीसारखं शेपूट उघडायचा-मिटायचा. परातीत पाणी भरून मासे सोडले की स्वतःच चोच मारून उचलायलाही लागला होता.

"आता परातीतून खातो तो," मल्हारी म्हणाला. "हाताची तशी गरज नाही..."

"हो ना," ती म्हणाली. "गरज नाही."

पण परात कुणीच पुढे सरकवली नाही. त्याने डब्यातून मासा उचलला, आणि तिने हात लावला.

त्याच वेळी शेजारच्या गच्चीवर सखुबाई कपडे काढायला आल्या. सखुबाईंचं सगळ्या ओळीवर लक्ष असायचं.

"अगं बाई!" त्यांचा आवाज चार घरं ओलांडून गेला. "माळकऱ्याच्या गच्चीवर मासळी? आणि मासळीवाल्याच्या हातात पोरीचा हात? आप्पा, उद्या ह्याच हातांनी वीणा धरणार का हो देवळात?"

आप्पा खाली तुळशीपाशी उभे होते. त्यांनी वर पाहिलं. "सखुवहिनी, पाहुणा आपलं जेवण आपण घेऊन आलाय. आम्ही नुसतं पान मांडलंय." ते शांतपणे म्हणाले, पण त्यांचा हात माळेवर गेला होता. मल्हारीने ते पाहिलं. डबा उचलला, जिना उतरला. चप्पल घालताना एकदाच वर बघितलं.

दुसऱ्या सकाळी मोटरसायकल आली नाही.

चतुर्दशी होती. वैजयंतीने कठड्यावर भात ठेवला. कावळा मात्र आता परत आला होता, त्याने भात खाल्ला. म्हटलं तर नेम झाला होता. चहा घ्यायला हरकत नव्हती. पण टाकीपाशी सुरय रिकाम्या परातीत चोच घालून उभा होता. तिने मल्हारीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही.

सुईत दोरा ओवायला बसली तर दोरा जाईना. देवीच्या चोळीला तिने बाही उलटी जोडली. उपाशी पाखराकडे बघवत नव्हतं, ते खरंच. पण त्याहून खरं असं काही होतं, आणि ते तिला आता स्वतःपासून लपवता येईना. मल्हारी येणार नाही, आणि तेही आपल्याच पायी... हा विचार आला की ती हातातलं काम तसंच ठेवून रस्त्याकडे बघायची.

"आप्पा," ती उठली. "मी धरणावर जाऊन येते."

आप्पा पोथीतून वर बघत म्हणाले, "पाखराच्या घासाला?"

तिने गाडीची किल्ली उचलली. खोटं बोलायचं नाही, हाही एक नेम होताच.

"जा," आप्पा म्हणाले. "हळू चालव गाडी. रस्ता ओला आहे."

भोयांची वस्ती धरणाच्या काठावर होती. बांबूंवर निळी जाळी वाळत घातलेली, होड्या उलट्या करून ठेवलेल्या, आणि हवेत तो वास... तिने नाकाला ओढणी लावली, मग मुद्दाम खाली घेतली. कुणाच्या दारात जायचं तर तोंड झाकून जाऊ नये.

दारात जाळं विणत बसलेल्या बाईने सुतळीतलं बोट तसंच ठेवून तिला निरखलं. ती धोंडाबाई, मल्हारीची आई. "तुळशीची माळ घालून इकडं? वाट चुकलीस का गं बाई?"

"नाही. मल्हारी सर आहेत?"

"हाय ना. सकाळधरनं त्या होडीपाशी बसलाय तोंड पाडून. माशानं तरी इतकं तोंड पाडू नाय, जाळ्यात आल्यावर." धोंडाबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि एकदम मऊ झाली. "तू गच्चीवाली का गं?"

मल्हारी उठून उभा राहिला. "तुम्ही इथं... कशाला आलात? मी निरोप ठेवणार होतो, वनखात्यातलं कुणीतरी येऊन—"

"तो सकाळपासून उपाशी आहे."

"आणि तुम्ही?"

"तो काय अन् मी काय."

पाण्यावर ऊन चमकत होतं. लांब कुठेतरी बगळ्यांची माळ उठली आणि बसली. तो हातातली ओली दोरी पिळत म्हणाला, "काल आप्पांचा हात माळेवर गेला. मी बघितला. माझ्या पायी कुणी त्यांना देवळात बोट दाखवलं तर मला नाही सहन होणार. म्हणून नाही आलो."

"सखुबाई काल रात्री हरिपाठाला आल्या होत्या. आप्पांनी त्यांना प्रसाद दिला, त्यांनी घेतला. वीणा आप्पांच्याच खांद्यावर होती." ती श्वास घ्यायला थांबली. "आप्पांचं आप्पा बघतील. तुम्ही तुमचं सांगा."

"माझं?" तो कडवट हसला. "माझं सांगू? माझ्या घरात रोज मासे शिजतात, वैजयंती. ह्या जाळ्यावर बाबांनी मला शिकवलं. उद्या मी म्हणेन, सगळं सोडतो, माळ घालतो... तर ते खोटं ठरेल. तुमच्याशी खोटं बोलवत नाही मला."

त्याने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. तिला वाटलं होतं, असं कधी झालंच तर आपण लाजू. पण ती लाजली नाही. तिने माळेचा मणी बोटात धरला.

"सोडा म्हणून मी कुठं म्हटलं?"

"मग... माळ?"

"माळ माझी आहे. ती मी सांभाळीन. जाळं तुमचं, ते तुम्ही सांभाळा."

"आणि मध्ये?" त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "दोन्हींच्या मध्ये काय करायचं?"

"मध्ये..." ती पाण्याकडे बघत म्हणाली. "मध्ये एक चूल जास्त मांडायची."

बोलून झालं आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो. कानशिलं तापली. मल्हारी तर नुसता उभाच राहिला, हातातली दोरी सुटून पाण्यात पडली तरी.

"अरे बोल ना काहीतरी!" मागून धोंडाबाईचा आवाज आला. तिचं जाळं विणणं केव्हाच थांबलं होतं. "चुलीला काय लागतंय? मेल्या, दोन विटा! त्या बी मीच आणून ठेवीन!"

तिघंही हसले. वैजयंती ओढणीत तोंड लपवून हसली.

"त्या दिवशी मी हात लावला ना," मग ती त्यालाच ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली, "तो पाखरासाठीच होता, असं मला आता म्हणता येणार नाही."

"मलाही त्या दिवशी," तो म्हणाला, "दुर्बिणीत आधी तुम्हीच दिसला होतात. सुरय नंतर."

"मग विचारलं तेव्हा 'नाही' का म्हणालात?"

"तुम्ही वडिलांना बोलावणार होतात!"

निघताना धोंडाबाईने तिच्या हातात एक नारळ आणि गुळाचा खडा ठेवला. "माझ्या भांड्याकुंड्याचं तुला चालायचं नाय, ठावं हाय मला. पण नारळाला कुणाचा हात लागत नाय बघ. पाखराचं झालं की खा." आणि मल्हारीने माशांचा डबा मोटरसायकलला अडकवायला घेतला, तेव्हा वैजयंतीने हात पुढे केला.

"द्या. मी नेते."

"तुम्ही?"

"घास माझा आहे ना." तिने डब्याची कडी धरली. डबा थंड होता, आणि तिला वाटला होता तितका जड नव्हता.

त्या संध्याकाळी सुरय परातीतून खाऊन, पंख झाडून, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उडाला. खाली उतरला तो कठड्यावर, पश्चिमेकडे तोंड करून.

"त्याला आता थांबवायचं नाही," मल्हारी म्हणाला. "कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघतो. जव्हारचा घाट उतरून डहाणूपर्यंत. तुम्ही... याल?"

वैजयंती आजवर आप्पांशिवाय नाशिकच्या बाहेर गेली नव्हती. रोजचे नेम, देव, दिवा, घास... आणि नेमकी त्याच पहाटे देवळात काकडआरती सुरू होणार. पण आईच म्हणायची ना, ते खातंय की नाही ते बघायचं. अर्ध्यावर सोडायचं नाही.

"येईन," ती म्हणाली. "शेवटच्या घासाला मी असेन. हा माझा शब्द."

कोजागिरीचं दूध झालं. त्या रात्री तिने वेताची टोपली काढली. रामाच्या पोशाखातून उरलेला पिवळ्या रेशमाचा तुकडा होता, त्याला कड शिवून टोपलीवर झाकण केलं.

पहाटे उठून तिने अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. वाटीत तूपभात घेऊन गच्चीवर गेली. पूर्व नुकती फिकटत होती. कावळ्याला एवढ्या लवकर जाग कुठली? ती टाकीपाशी उभी राहिली, घाई न करता. देवळातून टाळांचा आवाज यायला लागला, काकडा सुरू झाला होता. मग कुठूनसा एक कावळा आला, कठड्यावर तिरका उतरला आणि घास उचलून गेला. तिने हात जोडले. अंधारात पंख फडफडले, तसं तिने सुरयाला अलगद टोपलीत घेतलं आणि वर रेशीम ओढलं.

खाली दारात मल्हारी उभा होता. मागे त्याच्या बाबांचा मासळीचा छोटा हत्ती टेम्पो, घासूनपुसून लख्ख. दसऱ्याचं झेंडूचं तोरण वाळून गेलं होतं तरी समोर तसंच होतं.

"चारदा धुतलाय," तो ओशाळून म्हणाला. "तरी वास थोडा..."

"असू दे," ती म्हणाली.

आप्पा देवळात जायला निघाले होते. खांद्यावर उपरणं, कपाळी ओलं गंध. ते टोपलीजवळ आले, रेशमाची कड उचलून आत बघितलं. "नीट जा रे वैष्णवा," ते त्याला म्हणाले. मग मल्हारीकडे वळले. तो खाली वाकला तसा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात जरा वेळ तिथेच राहिला.

"संध्याकाळी हरिपाठाच्या आत या," ते म्हणाले. "दोघं."

आणि मागे न बघता ते टाळांच्या दिशेने चालू लागले.

वैजयंतीने चपला घातल्या. दाराला कडी लावली. पुढच्या सीटवर बसून टोपली मांडीवर घेतली, माशांचा डबा पायाशी उभा केला, आणि तो कलंडू नये म्हणून दोन्ही पावलांत धरून ठेवला.

"निघू या?" मल्हारीने विचारलं.

तिने मान हलवली. गाडी सोमेश्वराच्या वळणाला लागली तेव्हा रस्ता अजून रिकामा होता. टोपलीत रेशमाखाली काहीतरी हललं, आणि तिने झाकणावर बोटं टेकवली. हलकीच, अक्षता ठेवाव्यात तशी.